प्रत्येक बाकावर केतकी

गडहिंग्लजच्या त्या शाळेत सातवीच्या वर्गाला एक शब्द वर्ज्य होता. फळ्याकडे बोट करून कुणी ‘हे बघा’ म्हणालं, की सगळा वर्ग ओरडायचा, “हे म्हणजे काय?” खुद्द चौगुले बाईंनाही त्यातून सूट नव्हती. पहिल्या बाकावरच्या केतकी सुतारला दिसत नव्हतं. फळ्यावर उमटेल ते शब्दांत आलंच पाहिजे, हा कायदा मुलांनी पाचवीतच करून टाकला होता.

त्या दिवशी शेजारचा अफजल तिला त्रिकोणाची मध्यगा समजावत होता.

“एका कोपऱ्यातनं समोरच्या बाजूवर रेघ टाकायची.”

“बाजूवर कुठंबी?”

“न्हाई, बरोब्बर मधी.”

“मधीच का?”

अफजल अडला. पुस्तकात तसं होतं म्हणून, हे उत्तर केतकीपुढे चालणारं नव्हतं. त्यानं डोकं खाजवलं आणि एकदम ओरडला, “दोन त्रिकोण पडत्यात! पाया सारखा, उंची सारखी, म्हंजे जागापण सारखीच!” त्याच्या बाकाच्या कडेची पट्टी पिवळ्याची हिरवी झाली.

ही आकलनपट्टी. मुलाच्या चेहऱ्यावरचे बदल आणि बोलण्यातले अडखळे टिपून त्याला किती उमगलंय ते ती सांगायची. घोकंपट्टी तिच्यापुढे टिकत नसे. जिल्हाभरच्या शाळांत पट्ट्या बसल्या आणि सर्वांत हिरवा निघाला तो हाच वर्ग. केतकीची पट्टीही हिरवी होती. आधीच्या शाळेनं जिला ‘भूमिती सोडून दे, बाळ’ म्हणून बाजूला बसवलं होतं, ती आता अफजलच्या चुका काढत होती.

बाईंना हर्ष झाला, तो उगीच नव्हे. दरवर्षी कुणीतरी पालक येऊन कुरकुरायचे, “आंधळ्या पोरीपायी आमची पोरं मागं पडत्यात.” केतकीला तालुक्याच्या वेगळ्या केंद्रात धाडायचं संस्थेच्या मनात घोळत होतं. आता आकडेच बोलत होते. घरी उजळणी करता यावी म्हणून बाई पाचवीपासून प्रत्येक तास केतकीसाठी ध्वनिमुद्रित करत. वर्ग केतकीमुळेच पुढे गेला हे सिद्ध व्हावं म्हणून ती सगळी मुद्रणं पट्टी बनवणाऱ्या कंपनीला अभ्यासासाठी द्यायचं त्यांनी ठरवलं. आधी केतकीला विचारलं.

“कशाला, बाई?”

“तुझी जागा कायमची पक्की होईल. माझा शब्द.”

केतकीनं लगेच हो म्हटलं. बाईंच्या शब्दावर तिनं आजवर कधी प्रश्न केला नव्हता.

दिवाळीची सुट्टी संपली. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापक शहापूरकर सर हसतमुखानं वर्गात उभे होते. प्रत्येक बाकावर मुठीएवढी एक डबी होती.

“बाई, तुमचंच खरं ठरलं! दुसऱ्याला समजावताना मूल स्वतः शिकतं. ही घ्या, कंपनीनं तुमच्या मुद्रणांवरून बनवलेली ‘सहपाठी’.”

अफजलनं कुतूहलानं डबीला पुस्तकातली आकृती दाखवली आणि बोलायला लागला. डबीनं त्याला मध्येच थांबवलं. “मधीच का?”

आवाज केतकीचा होता. तोच हट्टी, किंचित घोगरा. पाठोपाठ एकतीस बाकांवरून एकतीस केतकी विचारू लागल्या. खरी केतकी हातातल्या काठीसकट दारात थबकली होती.

“मुलांना फायदा हिच्या प्रश्नांचा होत होता,” सर समजावून सांगत होते. “ते आता प्रत्येकाला मिळतील, जिल्हाभर. केतकीला केंद्रात तज्ज्ञ शिक्षक आहेत. सोमवारपासून तिकडं. सगळ्यांचं भलंच की!”

“आणि तिच्याशी बोलायला तिथं कोण असेल?” बाईंनी विचारलं.

“तिलाही एक डबी देऊ. अफजलच्या आवाजातली.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. पोरीला वर्गाबाहेर काढायचं हत्यार त्यांनीच तास-तास खपून घडवलं होतं, आणि वर तिच्याकडूनच होकार घेतला होता.

अफजलनं डबीवर तळहात दाबून धरला. आवाज दबला, थांबला नाही.

बाई दाराशी गेल्या. “केतकी, मी भांडेन. संस्थेत जाईन, पालकांना गोळा करीन...” त्यांनी तिचा हात धरायला हात पुढे केला. बोटं लागताच केतकीनं आपला हात मागे घेतला.

“पक्की हुईल म्हणाला हुता तुम्ही.”

“हो गं. मला तसंच वाटलं होतं.”

आतल्या डब्या केतकीच्याच आवाजात विचारतच होत्या. मग केतकी इतक्या हळू बोलली, की बाईंना वाकून ऐकावं लागलं.

“बाई, तिकडं जाऊन मी कुणाला काय इचारलं, तर तेबी तुम्ही कंपनीला देणार?”