तिसरं पान

दुपारचे तीन वाजले होते आणि मी कोपऱ्यावरच्या दुकानातून कोंबडीच्या तंगडीचा डबा घेऊन येत होतो. यात घाबरण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. मलाही तेव्हा एवढीच भीती होती की डबा गार झाला तर आई बोलेल.

त्या दिवशी आम्ही तैवानच्या ताइनान शहरातल्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. पंचांग बघून दिवस आईनेच काढला होता. सकाळी गृहप्रवेश तिच्या शिस्तीत झाला. तांदळाचं पिंप काठोकाठ भरलेलं, नव्या केरसुणीला लाल फीत, आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताना कुणाचाही हात रिकामा नाही. मी शेगडी उचलली, माझी बायको पेईलिन दोन अननस घेऊन आली. घरभर दिवे लावले. आता अंधार पडेपर्यंत कुणी आडवं व्हायचं नव्हतं, कारण पहिल्या दिवशी दुपारी झोपणारा वर्षभर आजारी पडतो. पेईलिन भिंतीला टेकून डुलक्या काढत होती आणि आई तिला केरसुणीच्या दांड्याने टोचत होती.

पण आईची स्वतःची पिशवी काही खांद्यावरून उतरत नव्हती. मला खरा घोर त्याचाच होता. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून ती कालव्याकाठच्या गळक्या घरात एकटी राहत होती. गेल्या महिन्यात जिन्यावरून पडली, ती सकाळी शेजारच्या लू काकूंनी बघेपर्यंत तशीच पडून होती. हा फ्लॅट, ही लिफ्ट, सगळं तिच्यासाठीच घेतलं. पण "तुझ्या बाबांना सोडून कशी येऊ?" हे पालुपद. देव्हाऱ्यातल्या त्यांच्या नावाच्या पाटीपुढे कौल लावायची, आणि कौल दरवेळी 'नाही'. शेवटी एका अटीवर आली होती. नव्या जागेचा धनी 'राहा' म्हणाला तर राहीन, नाहीतर संध्याकाळच्या बसने परत.

जागेचा धनी म्हणजे आपल्याआधीपासून जो तिथे राहतो तो. त्याला दुपारी स्वयंपाकघरात जेवू घालायचं असतं. मी डबा ओट्यावर मांडला.

"अक्कल गहाण टाकलीस का रे?" आई म्हणाली. "तो एवढासा असतो." तिने गुडघ्यापाशी हात धरला. "उड्या मारत जेवायचं का त्याने?"

मग ठेंगणं स्टूल आलं. धनी आणि धनीण, म्हणून भाताच्या दोन वाट्या, दोन पेले, जेवायच्या काड्यांच्या दोन जोड्या. उदबत्त्या निम्म्या जळाल्यावर आईने कौलाच्या दोन लाकडी फाका ओंजळीत घेतल्या. एक उताणी, एक पालथी पडली तर 'हो'. दोन्ही पालथ्या तर 'नाही'. दोन्ही उताण्या पडल्या तर ज्याला विचारलं तो हसतोय.

"धनी, पोट भरलं का?"

दोन्ही उताण्या. पुन्हा टाकल्या, पुन्हा उताण्या. पाच वेळा तेच.

"आ-जुईचं तोंड बघून हसत असतील," पेईलिन माझ्याकडे बघत पुटपुटली. आईलाही हसू आवरेना. सहाव्यांदा, सातव्यांदा तेच झालं, तेव्हा मात्र आमचं हसू ओसरलं. मागे दुसऱ्या इमारतीची भिंत, त्यामुळे दिवा असूनही स्वयंपाकघर काळोखं वाटत होतं. नळात काहीतरी गुडगुडत होतं. उदबत्तीचा धूर वर न जाता फरशीवरून सरपटत स्टुलाखाली जमत होता.

"काही… कमी पडलंय का?" आईने हळूच विचारलं.

हो.

"तंगडी?"

नाही.

"मग… पान?"

हो. पुन्हा हो. तिसऱ्यांदाही हो.

पेईलिनने माझा दंड गच्च धरला. मी तिसरी वाटी भरून ठेवली, तोच नाकात वास शिरला. कापूर आणि पुदिन्याचं तेल. बाबा दिवसरात्र गुडघ्यांना चोळायचे ते.

"अहो…" आईचा आवाज इतका कोवळा मी अकरा वर्षांत ऐकला नव्हता. "तुम्ही… आहात?"

हो.

मग आईचा बांध फुटला. "अकरा वर्षं! अकरा वर्षं या माणसाची सोबत म्हणून मी गळक्या छपराखाली बादल्या लावत बसले! विचारलं की नाही, नाही, नाही! आणि आज तंगडीचा वास आला तर माझ्याआधी लिफ्टने हजर!"

शिव्या घालता घालता ती डोळे पुसत होती. तिने पिशवी उतरवली, सपाता काढल्या आणि दाराशी नीट जोडीने ठेवल्या. मला रडू कोसळलं. पेईलिनही हुंदके देत होती, तिला बहुधा झोपही अनावर झाली होती.

साडेपाचला फोन आला. लू काकूंचा.

"आ-जुई, आई परत आली का रे?"

"नाही काकू. ती आता इथेच राहणार."

"मग घरात कोण आहे?" काकूंचा आवाज खाली गेला. "तुझ्या बाबांची खुर्ची करकरतेय… कधीची. आणि मघाशी कुणीतरी तुझ्या आईला हाक मारली. नावाने. अरे… त्यांचाच आवाज रे तो."

मी स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं. आत आई स्टुलासमोर फतकल मारून बसली होती, नव्या नवरीसारखी लाजत. "अहो, अजून थोडा भात वाढू?" फाका फरशीवर वाजल्या.

एक शब्द बोललो असतो तर तिने पिशवी उचलली असती, शेवटची बस पकडली असती आणि पुन्हा तो जिना चढली असती. बाबा तिथे तिला हाका मारत होते, आणि इथे त्यांच्या नावावर दुसरंच कुणीतरी जेवत होतं. मला बाबांची फार दया आली.

"मांजर असेल, काकू," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

"आ-जुई, ये ना रे!" आईने आतून आनंदाने हाक मारली. "बाबा म्हणतायत, काकूंना खोटं बोललास ते बरं केलंस. ये, तुलाही पान वाढते."

कौलाला 'हो', 'नाही' आणि हसणं एवढंच येतं.