उधळ्या मुलाची नऊ पानं

ठाण्याच्या आमच्या साप्ताहिकात माझ्याकडे तीन कामं होती: कचेरीतल्या खटल्यांचा सारांश, कल्याणच्या बाजारातले भाताचे भाव, आणि टपालातला जो कागद दुसरं कुणी हातात घेत नाही तो. १८८६च्या जुलैअखेर आलेला कागद या तिसऱ्या प्रकारातला होता.

युरोपातले एक प्राध्यापक लॅटिन भाषेचा गोतावळा गोळा करत होते. संपादकांनी पत्र वाचलं आणि सुपारी कातरत मला समजावलं, "लॅटिन म्हातारी कधीच वारली. मुली नांदत्या आहेत. पोर्तुगीज, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, पार तिकडे रुमानियन. प्रत्येकीला पुन्हा गावोगाव लेकी. त्यांतली एक नात म्हणे आपल्या ठाण्यात आहे. भेटून या."

पोर्तुगीजांचं राज्य जाऊन दीडशे वर्षं होत आली होती. किरिस्ताव घरांत आता मराठीच चाले. पण काही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ती जुनी बोली होती. प्राध्यापकांनी छापील कागद पाठवले होते. सगळ्या शाखा ताडून पाहता याव्यात म्हणून सगळीकडून एकच गोष्ट हवी होती: बायबलातला उधळ्या मुलाचा दाखला. धाकटा मुलगा आपला वाटा घेऊन परदेशी जातो, सगळं उडवतो आणि परत येतो. बाप त्याला लांबून पाहतो, धावत जातो, मेजवानी घालतो. थोरला शेतावरून येतो, वाजंत्री ऐकतो आणि रुसून बाहेरच उभा राहतो. बाप त्याची समजूत काढायला बाहेर येतो. सूचना स्पष्ट होत्या. कानावर पडेल तसं लिहावं, सुधारू नये. माथ्याच्या रकान्यात बोलणाऱ्याचं नाव आणि वय लिहावं.

मला पोर्तुगीज येत नव्हतं. पण कचेरीत वकील बोलतात तितक्या वेगाने लिहिता येत होतं. प्रत्येक वाक्य बाळबोध लिपीत उतरवायचं, लगेच वाचून दाखवायचं आणि बोलणाऱ्याने मान डोलावली की पुढे जायचं, ही माझी पद्धत. तीच इथे वापरायची ठरवली.

मासुंदा तलावाकाठच्या चर्चची घंटा वाजवणारा लिनो मला त्याच्या आईकडे घेऊन गेला. चेंदणीच्या टोकाला, जिथून मिठागरं सुरू होतात, तिथे त्यांचं कौलारू घर होतं. अंगणात बांबूवर बोंबील वाळत होते. ज्युलियानाबाई उंबऱ्याच्या आत पाटावर बसल्या होत्या. वय सत्तर, नजर अधू, आवाज खणखणीत.

"हा माझा थोरला," लिनोकडे हनुवटी उडवून त्या म्हणाल्या. "कदी घर सोरलं नाय त्यानं. म्हणून त्याची गोष्ट कोन लिवत नाय."

"माय, पाहुण्यांसमोर कशाला?" लिनो म्हणाला.

"पाहुना कसला? कारकून हाय तो. लिव, कारकुना."

ती तारीख दहा ऑगस्ट, मंगळवार. दुपारी तीनला त्यांनी सुरुवात केली. मी लिहीत होतो, वाचत होतो, त्या मान डोलावत होत्या. बाप मुलाला लांबून पाहतो तिथे त्या थांबल्या.

"पुढे?"

"पुढं नाय. माझा बेसिल पान्यावर हाय. घरचं मानूस पान्यावर असलं की वाटंवरची गोष्ट दाराशी आनायची नाय. आमच्यात तसंच हाय."

धाकटा मुलगा बेसिल अठरा वर्षांपूर्वी जहाजावर खलाशी म्हणून गेला होता. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. बाईंनी मला पुढच्या मंगळवारी यायला सांगितलं.

परतताना लिनोने पान मागितलं. मी वाचून दाखवलं. चार पावलं चालून तो थांबला. "ही आमची बोली नाय. मला यातलं काही कळत नाय."

चर्चचे पाद्री तरुणपणी रोमला शिकले होते. त्यांनी मला तेच पान तीनदा वाचायला लावलं. "रोममध्ये माझ्या खोलीत एक रुमानियन मुलगा राहायचा," ते म्हणाले. "स्वप्नात असं बोलायचा. त्यातही हे काळ्या समुद्राच्या काठचं."

ठाण्याच्या बंदरात कधी काळी कुणी खलाशी उतरला असेल आणि लहानपणी बाईंच्या कानात काही राहिलं असेल, असं मी टिपून ठेवलं. दुसऱ्या मंगळवारी बाईंनी पुन्हा तीच गोष्ट तिथपर्यंतच सांगितली. पाद्री म्हणाले, व्हेनिस. तिसऱ्या वेळी जेनोवा. चौथ्या वेळी मार्सेयकडची कोळ्यांची भाषा, जी पाद्रींना निम्मीच कळली. पाचव्या वेळी बार्सिलोना. सहाव्या वेळी त्यांना विचार करावा लागला नाही. ते स्वच्छ लिस्बनचं पोर्तुगीज होतं.

"बाई, इतक्या भाषा कुठे शिकलात?" मी विचारलं होतं.

"कुटल्या भाषा? एकच तर गोष्ट सांगते."

"दर वेळी निराळी वाटते."

"लेकरू बोलतं तशी आय बोलते. मी आयकते तशी सांगते."

सातव्या मंगळवारी, एकवीस सप्टेंबरला, पाद्रींकडे जावं लागलं नाही. पाच वाक्यं होताच लिनो दारातून म्हणाला, "ही दमणची." त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता.

त्या संध्याकाळी कार्यालयात मी भिंतीवरच्या नकाशावर टाचण्या लावल्या. सात टाचण्या किनाऱ्या-किनाऱ्याने आल्या होत्या. आठवीला एकच जागा उरत होती.

दुसऱ्या दिवशी लिनो आला. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी घातलेलं पत्र काढलं. अकरा वर्षांपूर्वीचं, जहाजाच्या कप्तानाचं, इंग्रजीत. बेसिल तापाने गेला होता. डॅन्यूब नदी काळ्या समुद्राला मिळते तिथल्या सुलिना नावाच्या बंदरात त्याला पुरलं होतं. वय चोवीस.

पहिली टाचणी तिथेच होती.

"मायला सांगितलं नाय," लिनो म्हणाला. "तिनं अन्न सोडलं असतं. ती रोज त्याचं ताट वाढते. मी ते उचलतो आणि सांगतो, मांजरानं खाल्लं. अकरा वर्षं."

"मग मी काय करू?"

"पुढच्या मंगळवारी येऊ नका. शेवट मी सांगतो, आत्ता, इथंच लिहून घ्या. बोली तीच आहे. त्या परदेशी मास्तरांना काय कळणार?"

एक ऑक्टोबरच्या, शुक्रवारच्या डाकेने कागद गेले पाहिजेत, असं प्राध्यापकांनी लिहिलं होतं. बोलणारा बदलू नये, असंही लिहिलं होतं. मी लिनोला नाही म्हणालो. एका वाक्यात म्हणालो. ते वाक्य मला आजही शब्दशः आठवतं, पण ते इथे लिहीत नाही.

अठ्ठावीस तारखेला ऊन होतं. बोंबील काढून अंगण झाडलेलं होतं. आत तीन ताटं मांडलेली होती. लिनो माझ्यासोबत फाटकापर्यंत आला आणि तिथेच उभा राहिला.

बाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. "आज शेवट सांगते," त्या म्हणाल्या. "आता तो पान्यावर नाय."

त्यांनी ठाण्याच्या बोलीत सुरुवात केली. बाहेर फाटकाशी लिनोला शब्दन् शब्द कळत होता, ते त्याच्या मानेवरून दिसत होतं. बाप धावला. अंगठी आली, जोडे आले. मेलेला मुलगा जिवंत झाला, हरवलेला सापडला. मी प्रत्येक वाक्य उतरवलं आणि ठरल्याप्रमाणे मोठ्याने वाचलं.

शेवटचं वाक्य वाचून झाल्यावर बाईंनी मान डोलावली नाही. त्यांनी मान वळवली आणि शेजारच्या रिकाम्या पाटाकडे पाहून हसल्या.

"थोरल्याचं राहिलं," मी म्हणालो.

"ते मी नाय सांगायचं."

मी लेखणी पुसली. दौतीला बूच लावलं. हे मला नक्की आठवतं.

"लिनो," बाईंनी हाक मारली. "भायेर कशाला उबा? ये, जेव."

"माय," लिनोचा आवाज फाटकाजवळूनच आला. "तुझ्या बाजूला कोण बसलंय?"

मी पाटाकडे पाहिलं. पाटावर कुणी नव्हतं. ताटातला भात एका बाजूने कमी झालेला होता.

लिनो आत आला नाही.

त्या दिवसापासून तो चर्चमागच्या खोलीत राहू लागला. रोज आईसाठी कालवण आणून फाटकाच्या खांबावर ठेवी. बाई उत्तम जेवत होत्या. घरात का जात नाही, असं मी एकदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "संध्याकाळी तो अंगणात येतो. आधी दाराशी उभा राहायचा. आता ओसरीच्या तुळईखालून पुढं आलाय. रोज थोडा थोडा."

"काही बोलतो?"

"वाट बघतो. मी रुसलोय असं त्याला वाटतं."

मार्चमध्ये प्राध्यापकांचं पत्र आलं. नऊ पानांबद्दल त्यांनी आभार मानले होते. आठ शाखा इतक्या शुद्ध त्यांना एकाच ठिकाणाहून कधी मिळाल्या नव्हत्या, आणि हे कसं घडलं याचा खुलासा त्यांना हवा होता. शिवाय नवव्या पानाविषयी एक शंका होती. मूळ दाखल्यात रुसलेल्या थोरल्याला आत आणायला बाप बाहेर जातो. तुमच्या पानावर मात्र धाकटा स्वतः उठून जातो आणि भावाचा हात धरतो. ही तुमच्याकडची जुनी रीत आहे काय?

मी आठच पानं लिहिली होती. पत्रासोबत पडताळ्यासाठी नववं पान परत पाठवलेलं होतं.

मी तसाच चर्चकडे गेलो. लिनोची खोली उघडी होती. पाद्री म्हणाले, सकाळची घंटा वाजली नाही, म्हणून माणूस पाठवला, तर लिनो काल संध्याकाळीच घरी गेला असं कळलं. चेंदणीला फाटकाच्या खांबावर कालवणाचं भांडं झाकलेलं होतं. दार आतून लावलेलं होतं. आत ताटांचा आवाज येत होता आणि बाई कुणाला तरी वाढत होत्या.

मी हाक मारली नाही. फाटकाशी उभा राहून नववं पान उघडलं. शाई माझी, अक्षर माझं, तारीख अठ्ठावीस सप्टेंबर. माथ्याचा रकाना मी नेहमी भरतो तसाच नीट भरलेला होता.

नाव: बेसिल. वय: चोवीस.