पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा

मी धायरीला गेलो तो कुसुमवहिनींच्या फोनमुळे. "श्यामभाऊजी, यांचा कॉम्प्युटर सुरूच होईनासा झालाय. आमोद रविवारी नवीन आणतोय आणि हा भंगारात देणार म्हणतोय. सुरू झाला तर राहू देईन, म्हणाला. तुम्ही बघता का जरा?"

यांचा म्हणजे अनंतचा. माझा मित्र. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला, त्या पैशातून त्याने तो हौसेने घेतला होता. मागच्या दिवाळीआधी अनंत झोपेतच गेला.

आता मी काही कॉम्प्युटरवाला नव्हे. शाळा सातवीतच माझ्यावर रुसली, पुढचा जन्म हडपसरला पंखे नि मिक्सर उघडण्यात गेला. पण त्यांचा मुलगा आमोद वाघोलीला राहतो, मोठ्या कंपनीत प्रोग्राम लिहितो, म्हणजे त्याला वेळ नसणारच. ही शिकलेली पोरं परदेशातल्या बँका चालवतात आणि आईचा बल्ब बदलायला शेजाऱ्याला फोन करतात.

अनंतचं नि माझं एक जुनं खातं होतं. एकाने खोडी काढायची, मग दुसऱ्याने. पाळीपाळीने, आणि नियम कडक: खोडी समोरच्याच्या घरात जाऊनच काढायची. माझी शेवटची खोडी नामी होती. आमच्या मागच्या गोठ्यातली म्हैस टेपवर भरून आणली आणि कॉम्प्युटर सुरू होताना जो टँटँ वाजतो, त्या जागी एका कॉम्प्युटरवाल्या पोराकडून बसवून घेतली. अनंत सासऱ्यांना मोठ्या ऐटीत कॉम्प्युटर दाखवायला गेला आणि तो जो रेकला म्हणता! सासरेबुवा म्हणाले, "दूध किती देतो?"

अनंतने म्हैस काढून तिथे स्वतःचा आवाज भरला. "कुसुम, चहा टाक." एवढंच. कॉम्प्युटर लावला की तो हे म्हणायचा. आता पाळी अनंतची होती, आणि तो गेला.

वहिनी रोज दुपारी कॉम्प्युटर लावायच्या ते त्या एका वाक्यासाठी. बाकी त्यांना माऊस धरतासुद्धा येत नाही. तो आवाज भंगारात जाणार होता. मग मी कसा नाही म्हणणार?

पोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजला असेल. एक ते चार पुण्यात भुतंसुद्धा झोपतात, असा तोवर माझा समज होता. जिन्यात फोडणीचा वास रेंगाळलेला. सगळी दारं बंद. वहिनींनी आत घेतलं. खोलीचे पडदे ओढलेले. कोपऱ्यातल्या टेबलावर तो ढेरपोट्या मॉनिटर, शेजारी कशिद्याच्या रुमालावर कपबशी.

"कीबोर्डावर चहा सांडला हो," वहिनी म्हणाल्या. "तेव्हापासून असं."

"तुम्ही इथे बसून चहा घेता?"

"मी नाही घेत. ठेवते."

मी कामाला लागलो. कीबोर्ड उलटा केला तर मुंग्या, चिवडा आणि एक बडीशेप. वायर मागून उपसली, बटनं स्क्रू-ड्रायव्हरने एकेक उचकटली आणि वहिनींच्या पातेल्यात साबणाच्या पाण्यात टाकली. पातेलं बाल्कनीत, उन्हात. उघडाबोडका कीबोर्ड माझ्या मांडीवर. त्याची वायर अशी लोंबती.

बाकीचं यंत्र तरी जिवंत आहे का बघावं म्हणून कॉम्प्युटरचं बटन दाबलं. पंखा घरघरला. एक पींऽऽ झालं. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली. मी बोट ठेवून ठेवून वाचलं. कीबोर्ड सापडत नाही. पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.

मला हसू आवरेना. "वहिनी, कॉम्प्युटर अगदी पाटबंधारे खात्याचा शोभतो हं. कीबोर्ड नाही म्हणतो आणि वर म्हणतो, त्याचंच बटन दाबा."

वहिनी हसल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "दाबतील."

"कोण?"

बाल्कनीत पातेलं वाजलं. लहानसंच. टक्... पाण्याखाली वाजावं तसं.

मॉनिटरवरची अक्षरं गेली, कॉम्प्युटर पुढे सरकला.

मी आधी मांडीवरच्या वायरीचं टोक बघितलं. मग टेबलाखाली वाकलो, मागे हात घातला, कुठे दुसऱ्या कीबोर्डाची वायर आहे का चाचपलं. जन्मभर खोड्या काढलेला माणूस मी, पहिल्यांदा वायरच शोधणार. भिंतीला गारठा होता, चहाचा वास होता, वायर नव्हती. तेवढ्यात विंडोजचं निळं आकाश उगवलं आणि स्पीकर खरखरला.

"कुसुम, चहा टाक."

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. काम झालं, कॉम्प्युटर वाचला. वहिनींनी डोळे मिटले होते. मी स्पीकरचा आवाज कमी करायला हात पुढे केला...

"शाम्याला बिनसाखरेचा."

हात तिथेच राहिला.

साखर निघाली हे मला या श्रावणात कळलं. अनंत जाऊन तेव्हा नऊ-दहा महिने झाले होते. डॉक्टर आणि मी सोडलं तर कोणालाच माहीत नव्हतं. घरी बायकोला, चंपालासुद्धा नाही. सांगितलं असतं तर माझी जिलबी बंद झाली असती.

वहिनी उठून स्वयंपाकघराकडे निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, "साखर निघाली होय तुम्हाला? बोलला नाहीत."

"वहिनी... हा रोज असं वेगळं काही बोलतो?"

"रोज कुठे. कधी भाजी काय केली विचारतात. आता बरेच दिवस बोलणंच नव्हतं, म्हणून तर तुम्हाला त्रास दिला."

चहा बिनसाखरेचा आला. मी प्यायलो. दुसरा कप रुमालावर ठेवला गेला, त्याच्याकडे मी बघितलं नाही. बटनं पुसून एकेक बसवली, वायर जोडली. शेवटी एक खाच रिकामी राहिली. एफ-वनची. पातेलं पालथं केलं, बाल्कनी झाडली.

"सापडेल हो," वहिनी म्हणाल्या. "जातंय कुठे."

कॉम्प्युटर व्यवस्थित चालू लागला. रविवारी आमोदने तो राहू दिला, वर मला म्हणाला, "काका, थँक्स हां. काय इश्यू होता?" मी म्हटलं, "चहा."

पण ते नंतरचं. त्या दिवशी घरी आलो तेव्हा चंपा ओट्यापाशी उभी होती. माझाच चहा करत होती. साखरेच्या डब्यात चमचा घातला आणि थबकली.

"अहो, हे काय नवीन? साखरेत काय लपवून ठेवलंत?"

तिच्या तळहातावर ते बटन होतं. ओलं. साबणाचा फेस अजून कडेला होता. डब्यातली साखर मात्र कोरडी, सुटी.

ती मलाच रागावली. साहजिक आहे, या घरात आणखी कोण असले उद्योग करणार. मी ऐकून घेतलं. मनात म्हटलं, वा रे अनंता. नियमाने आलास, घरात येऊन खोडी काढून गेलास.

ते बटन मी कपाटात ठेवलंय. चहा आता बिनसाखरेचा घेतो. चंपा विचारते, हल्ली तुम्ही कोणाच्या खोड्या का काढत नाही. मी सांगतो, पाळी माझीच आहे, पण घाई नाही.

नियमाने मला त्याच्या घरी जावं लागेल. आणि तो आता धायरीलाच राहतो की आणखी कुठे, ते मी वहिनींना अजून विचारलेलं नाही.