वीतभर तांब्याची नळी

दिवा जरा अलीकडे घ्या आणि ही नळी हातात धरून बघा. वीतभर तांब्याची नळी, बाकी काही नाही. मी भोरचा मिस्त्री, भुताखेतांशी माझं कधी जमलं नाही. गाडी बंद पडली की लोक नारळ शोधतात, मी पाना शोधतो. तरीही या नळीपुढे माझी अक्कल आजवर चाललेली नाही.

संस्थान खालसा झालं, त्यानंतरचा एक श्रावण. वेल्ह्याच्या एका लाकूड ठेकेदाराकडे लढाईतली, लिलावात घेतलेली जीप होती. चढाला लागली की आचके द्यायची आणि मरायची. ती भोरला आणून खोलायची, एवढ्याच कामाला मी गेलो होतो. भर दुपारी निघालो, पण धुकं असं की बॉनेटचं टोक दिसेना. रस्ता मी चाकाखालच्या खड्ड्यांवरून ओळखत होतो.

खिंडीच्या अलीकडे माणसं आडवी आली. सावळा धनगर आणि त्याचा एक गडी, खांद्यावर बांबू, बांबूला घोंगडीची झोळी. झोळीत सावळ्याची बायको फुला, मागे सुईण पारूबाई.

"मिस्त्री, भोरच्या दवाखान्यात न्या. कालपास्नं अडलीया," सावळा म्हणाला.

फुलाला मागे निजवलं. पारूबाई तिच्या उशाशी बसली, गडी मेंढरांकडे परतला. जीप कण्हत चढू लागली आणि नेमकी खिंडीत, दगडांच्या एका ढिगापाशी, मेली.

तो ढीग म्हणजे सावळ्याच्या आईची, बनाबाईची जागा. आदल्या पावसाळ्यात मेंढरांमागे फिरताना म्हातारी तिथेच गारठून गेली होती. कोकरू निपचित जन्मलं की ती वेळूची पोकळ नळी त्याच्या नाकाला लावायची, हलके फुंकायची आणि कोकरू शिंकत उठायचं. तिच्या हातून कोकरू दगावल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. येता-जाता प्रत्येक धनगर तिथे एक दगड ठेवतो. सावळ्यानेही उतरून ठेवला. मी बॉनेट उघडलं. ज्याचा त्याचा देव.

आधी ठिणगी पाहिली. प्लगची वायर काढून लोखंडाजवळ धरली, सावळ्याला हँडल मारायला लावलं, निळी ठिणगी चटकन उडाली. मग कार्बोरेटर उघडला. आत थेंब नाही. पंपाजवळची नळी सोडवून पुन्हा हँडल मारलं, तर पंपातून पेट्रोलची चिळकांडी आली. म्हणजे चोर सापडला. पंप आणि कार्बोरेटर यांच्यामधली ही नळी तुंबली होती. मी ती काढली, तोंडाला लावली आणि फुंकली. वारा जाईना. गाल दुखेपर्यंत फुंकली.

आणि पलीकडून कुणीतरी उलट फुंकलं.

माझ्या तोंडात ऊन श्वास आला. पेट्रोलचा वास नव्हता त्याला. ओल्या लोकरीचा होता, ताज्या चिकाचा होता... नळी हातातून सुटली आणि मडगार्डवर खणकन वाजली. खिंडीत वारा नव्हता. धुकं जागच्या जागी उभं होतं.

तेवढ्यात मागून पारूबाईचा दबका आवाज आला.

"सावळ्या... पोरगी झाली रं. पर रडत न्हाई."

"म्हंजी?"

"निळी पडलीया. काय सुदरंना मला..."

सावळा हँडल टाकून आला. माझ्याकडे बघितलंही नाही त्यानं. मडगार्डवरची नळी उचलली, सदऱ्याला पुसली आणि घोंगडीच्या आडोशाला गेला. मी 'अरे, ती तुंबलीय' म्हणेपर्यंत तो दिसेनासा झाला. आतून त्याचा आवाज ऐकू आला, एखाद्या मुलानं आईला हाक मारावी तसा.

"आये, येवढं एक कोकरू बघ."

मग काहीच नाही. आणि एकदम पोर शिंकलं. शिंकलं आणि टाहो फोडला, आणि त्याच घटकेला माझ्यासमोरचं उघडं इंजिन थरथरलं आणि सुरू झालं. हँडल जमिनीवर पडलेलं होतं. चालकाच्या जागेवर कुणी नव्हतं.

माझे हात आपोआप जोडले गेले. लाज कसली त्यात?

"बगत काय ऱ्हायलात, मिस्त्री? हिचं रगत थांबंना! चला की!" पारूबाई ओरडली.

बॉनेट आपटलं आणि निघालो. चढाला आचके देणारं ते धूड भोरपर्यंत एकदाही अडखळलं नाही. इंजिनाचा आवाजही निराळा होता, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा संथ. दवाखान्याच्या दारात मी ब्रेक दाबला, तेव्हा ते आपणहून थांबलं. फुला वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

बाहेर आलो, तर सावळ्यानं कनवटीची नळी काढून माझ्या हातावर ठेवली.

"ही तुमची नळी, मिस्त्री."

धावत जाऊन बॉनेट उघडलं. पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये मोकळी जागा. कार्बोरेटर कोरडा ठणठणीत. नळीत तार घातली, तर गाळ दगडासारखा घट्ट बसलेला. तार वाकली, पलीकडे गेली नाही. यातून पेट्रोलही गेलं नसतं आणि फुंकरही. ठेकेदाराला दुसरी नळी बसवून दिली. ही ठेवून घेतली, आजवर साफ करण्याचा धीर झाला नाही.

त्या पोरीचं नाव आजीचंच ठेवलंय, बना. आता फळीला हात पुरेल एवढी झालीय. गेल्या बाजारी सावळा तिला घेऊन इथे टेकला होता. तिन्हीसांज झालेली, हाच दिवा नुकताच लावला होता. पोरीनं फळीवरची नळी उचलली आणि सहज ओठांना लावून फुंकली.

ज्योत आडवी झाली आणि विझली.

मी दिवा पुन्हा पेटवला. पोरीच्या हातून नळी घेतली आणि ज्योतीसमोर धरून आत पाहिलं, तुम्ही आत्ता पाहताय तसंच.

पलीकडचा उजेड दिसतोय का तुम्हाला?