खुंट्या रिकाम्या होत्या

चष्मा आणायला गेला होता तो. काम एवढंच.

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. नोकरी पोस्टात, पण जीव किल्ल्यांत. सुट्टी मिळाली की पाठीला पिशवी लावून निघालाच. आम्ही त्याला किल्लेदार म्हणायचो. बहीण म्हणायची, यांना घरातलं गळकं छप्पर दिसत नाही, पण तीनशे वर्षांपूर्वीची पडकी भिंत बरोबर दिसते.

उद्या तुम्ही पोरं त्याच बेटावर चाललात, म्हणून सांगतो. एरवी मी ही गोष्ट काढत नाही. तो दिवा राहू दे चालू.

फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. चंद्र पहाटे उगवणार होता. दोघं माझ्याकडे राहायला आली होती आणि सकाळी त्या बेटावरचा किल्ला बघूनही आली. दुपारी जेवताना किल्लेदार ताट चाचपायला लागला. चष्मा वरच राहिला होता, समुद्राकडच्या बुरुजावर. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची परतीची गाडी. त्यामुळे जायचं तर त्याच संध्याकाळी, शेवटच्या बोटीने. मी येतो म्हटलं, तर बहीण म्हणाली, तू कशाला, मी जाते, हे एकटे गेले तर समुद्रालाच पायरी समजतील. हसतच गेली दोघं.

त्या बोटीची एक रीत आहे, उद्या बघालच. जाताना प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळतं. बेटावर उतरलं की ते काढून धक्क्यावरच्या भिंतीतल्या खुंटीला अडकवायचं, कारण ते घालून किल्ला चढता येत नाही. परतताना आपलं काढून घालायचं. खलाशी माणसं मोजत बसत नाही, खुंट्या बघतो. खुंट्या रिकाम्या, म्हणजे बेट रिकामं. एक जरी जॅकेट लटकत असलं तरी बोट हलत नाही. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, आणि कधी चुकलं नव्हतं.

बुरुजावर चष्मा सापडेना. अंधारून आलं. बहीण म्हणाली, चला आता, नवा घेऊ. तो म्हणाला, तेवढा पलीकडचा कोनाडा बघतो. एवढ्यावरून दोघांचं वाजलं. शेवटी ती म्हणाली, "मग राहा इथंच." आणि तरातरा खाली उतरली. काळजी नव्हती तिला. त्याचं जॅकेट खुंटीवर होतं ना, बोट थांबणारच होती.

बोटीत ती समुद्राकडे तोंड करून बसली. रागाने. थोड्या वेळाने शेजारी कोणीतरी येऊन बसलं. तिने मान वळवली नाही. खलाशाने खुंट्यांवर बॅटरी फिरवली, दोर सोडला. बोट निघाली.

ती बोलत राहिली. सापडला का, नाहीच ना, सांगत होते ना मी. उत्तर नाही. तिला वाटलं, रुसलाय. वारा सुटला होता. जॅकेटचा बंद फडफडून तिच्या हाताला लागत होता. त्याच्या जॅकेटचं बक्कल तुटलेलं, येतानाही तिनेच बंदाला गाठ मारून दिली होती. आताही ती न बघताच वळली. अंधारात बंद ओढले. तिची ती नेहमीची गाठ, दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं. घट्ट मारली. म्हणाली, "लहान मूल आहात का तुम्ही?"

तेव्हा तिच्या पर्समधला फोन वाजला.

किल्लेदाराचा.

"अगं, बोट गेली का? मी धक्क्यावर उभा आहे. खुंटीवर माझं जॅकेट नाही..."

तिची बोटं अजून त्या गाठीवर होती.

तिने खाली पाहिलं... हातात काही नव्हतं. शेजारची फळी रिकामी. ओली.

 ती बोट चालवणाऱ्या तांडेलाकडे बघून म्हणाली, "माघारी घ्या." तांडेलाने तिचा चेहरा पाहिला आणि बोट फिरवली. पण ओहोटी लागली होती. बेटाजवळचे खडक वर आले होते. बोट एकदा घासली, दोनदा घासली. पुढे जाईना. धक्क्यावर त्याच्या मोबाइलचा उजेड दिसत होता. एवढासा.

फोन चालूच होता. ती म्हणत होती, माझं चुकलं, तिथेच थांबा, हलू नका, पाणी चढलं की आम्ही येतो.

तो म्हणाला, "घाबरू नकोस. खलाशी आलाय न्यायला. इथे माझ्याजवळच आहे."

खलाशी तिच्या शेजारी उभा होता. बोटीत.

"अहो... तो खलाशी नाही."

"चष्मा नाही ना, तोंड दिसत नाही. पण जॅकेट घातलंय. बोलत नाही काही... हात धरलाय."

"सोडवा हात. अहो. हात सोडवा..."

मग नुसतं पाणी ऐकू आलं.

मग तेही नाही.

उजेड विझला.

तिने उडी टाकली असती. तांडेलाने आणि खलाशाने तिला धरून ठेवलं. बोट तिथेच नांगरून ती रात्रभर हाका मारत होती. आवाज बसला, तरी ओठ हलत होते. पहाटे पाणी चढलं. पहिली ती उतरली. तिच्याआधी त्या बेटावर कोणी गेलं नव्हतं.

किल्लेदार सापडला नाही. तळी उपसली, खडक धुंडाळले, पाणबुडे आणले. काही नाही.

जॅकेट मात्र होतं. शेवटच्या खुंटीवर, जागच्या जागी. त्याचे बंद बांधलेले. दोन वेढे, टोक आत खोचलेलं.

खलाशी गाठ सोडायला गेला, तर तिने त्याचा हात धरला. म्हणाली, "राहू दे. जॅकेट खुंटीवर आहे तोवर बोट हलत नाही ना?"  तांडेलाने मान डोलावली.

म्हणून शेवटची बोट अजूनही तिथे उगाच थोडी थांबते. उद्या तुम्ही चिडचिड करू नका.

आणि उतराल तेव्हा शेवटच्या खुंटीकडे बघा. हात लावू नका. कापड उन्हाने विटलंय, आतला स्पंज बाहेर आलाय. गाठ तशीच आहे... कोणी सोडलेली नाही.