सोबत आलेलं दुखणं

मिरजेच्या रुग्णसंकेतन केंद्रात पडद्यावर नवा आजार झळकला, तसा अश्रफ मुजावर खुर्चीतून उठूनच उभा राहिला. श्रुतसंकेतक हे यंत्र त्याने घडवलेलं. पोराने शाळेत बक्षीस मिळवावं तसा त्याचा चेहरा खुलला होता.

हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रेवती चौगुलेला मात्र धड हसताही येईना. त्या नव्या आजाराच्या रुग्णांत तिचे वडील होते.

"पुन्हा एकदा सांग," ती म्हणाली. "सावकाश."

"हे बघ, प्रत्येक दुखण्याला एक ठरलेला संकेतांक असतो. वॉर्डातल्या रुग्णाचं सोपं. तो पडून असतो, कागदपत्रं भरपूर. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरला मिळतात पाच मिनिटं. त्यात तो तपासणार काय आणि संकेतांक शोधणार काय? म्हणून श्रुतसंकेतक खोलीतलं बोलणं ऐकतो आणि प्रत्येक तक्रारीचा संकेतांक केसपेपरवर चढवतो. जिल्ह्यातले सगळे संकेतांक एकत्र चाळले की नव्या आजाराची चाहूल लागते. तशी लागली! साठीपुढचे मधुमेही पुरुष. जबड्यात कळ, धाप, विनाकारण थकवा."

"हे तर हृदयाचं दुखणं झालं. पण बाबांच्या तपासण्या मीच केल्यात. सगळ्या स्वच्छ."

"सगळ्यांच्याच स्वच्छ आहेत. म्हणून तर आजार नवा!"

रेवतीला राग आला. शरीर इतकं लबाड नसतं. दुखणं असेल तर कुठे ना कुठे दिसतंच, यावर तिचा ठाम विश्वास होता. शिवाय केसपेपरवर नोंद असूनही बाबा म्हणत होते, जबडा दुखतच नाही. ते लपवताहेत असं समजून ती त्यांच्यावर चिडलीही होती. आता पहिल्यांदाच तिला वाटलं, बाबा खरं बोलत असतील तर?

"खोलीत कोण बोलतंय, हे यंत्राला कळतं?"

"कळू शकतं. पण ती सोय मीच बंद ठेवली. आपल्याकडे रुग्ण बसतो गप्प आणि बोलतं सोबतचं माणूस. 'ह्यांना झोप नाही, ह्यांचे पाय सुजतात.' आवाज वेगळे केले असते तर निम्म्या तक्रारी गळाल्या असत्या. म्हणून खोलीत जे बोललं जाईल ते ज्याचा केसपेपर त्याचं."

"जे एकटे आले होते, त्यांच्यात हा आजार किती जणांना?"

अश्रफने यंत्राला विचारलं. पडदा कोरा राहिला.

"एकालाही नाही," तो हळूच म्हणाला.

"आणि ज्यांना आहे, त्यांच्यासोबत कोण होतं?"

त्याने नोंदी उघडल्या. प्रत्येकासोबत त्याची बायको. दोघांच्याही आया नवऱ्यांना घेऊन दवाखान्यात जात आल्या होत्या. रेवतीने घरी फोन लावला.

"आई, तुझा जबडा दुखतोय?"

"अगंबाई, तुला कुणी सांगितलं? ह्यांना दाखवायला गेले होते, तेव्हा उठता उठता डॉक्टरांच्या कानावर घातलं इतकंच. मला काय धाड भरलीय!"

"आई, जिथे आहेस तिथेच बस. पाणी आणायलासुद्धा उठू नकोस. मी येतेय."

आईच्या हृदयाची मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बुजली होती. ती वेळेत मोकळी झाली. जिल्ह्यातल्या बाकीच्या बायकांनाही बोलावणी गेली. काही जणी अगदी काठावरून परतल्या. नव्या आजाराची नोंद अश्रफने स्वतःच रद्द केली आणि आवाज ओळखायची सोय सुरू केली. आता शंका आली की यंत्र विचारणार होतं.

पुढच्या तपासणीला आई आली ती स्वतःच्या केसपेपरवर, आयुष्यात पहिल्यांदाच. सोबत बाबा, नेहमीसारखे गप्प. डॉक्टरांनी सगळं ठीक असल्याचं सांगितलं. रेवतीने सुटकेचा निःश्वास टाकला. आई उठली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"डॉक्टर, आलेच आहे तर तेवढा ह्यांचा गुडघा बघा ना. कधीचा कुरकुरतोय."

टेबलावरचा श्रुतसंकेतक खणखणीत आवाजात म्हणाला, "दुखणं कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे?" आई त्याच्यावर डाफरली. "आमचं!"

यंत्राने पुन्हा तेच विचारलं.