धाकटीचे हात

महालक्ष्म्या तोंडावर आल्या तशी दुर्गाबाई एस.टी.नं नवीन जालन्याला गेली. मुखवटा आणायचा होता. एकच, धाकटीचा.

दुकानदारानं सवयीनं जोडी काढून पुढं मांडली. दुर्गाबाईनं त्यातली थोरली हातानं बाजूला सारली. थोरली आमच्या घरची जुनी हाय, म्हणाली, नुसती धाकटी द्या.

"एकटी कोणी न्हेत न्हाई, मावशी. बहिणी हायत त्या."

दुर्गाबाईनं त्याला सांगितलं, तू कागद बांध, शास्त्र मी बघते. त्यानं बांधून दिलं. दुकानाच्या पायऱ्या उतरताना तिनं सहज मागं वळून पाहिलं, तर फळीवर राहिलेली थोरली नेमकी तिच्याकडंच बघत होती. मुखवट्याचे डोळे रंगवलेलेच असतात तसे, म्हणून तिनं पदर नीट केला आणि स्टँडची वाट धरली.

वडीगोद्रीच्या अलीकडं फाट्यावर उतरलं की थोडं आत दुर्गाबाईची वाडी. घर मोठं, पण मधोमध भिंत. भिंतीच्या अलीकडं दुर्गाबाईचा मालक कडूबा, पलीकडं त्याचा धाकटा भाऊ कल्याण. आणि कल्याणची बायको शालू म्हणजे दुर्गाबाईची पाठची बहीण. परतूरच्या एका घरातून दोघी याच घरात दिलेल्या. लहानपणी एका ताटात जेवल्या, लग्नानंतर एका चुलीवर रांधलं.

विहिरीच्या मोटारीवरून भावाभावांचं बिनसलं आणि गेल्या वर्षी महालक्ष्म्या उठल्या की वाटणी झाली. भांडी अर्धी, गोठा अर्धा, ओसरी अर्धी. शेवटी राहिल्या महालक्ष्म्या. कडूबा म्हणाला, ह्या नको वाटू. दुर्गाबाईच म्हणाली, काऊन नको, तिची तिला द्या. पिढ्यान् पिढ्या शेजारी उभ्या राहिलेल्या दोन मुखवट्यांची अशी वाटणी झाली. वाडीतल्या कोणालाच ते पटलं नाही. शेजारची बेबीनंदा तर ही गोष्ट घरोघर बोलली, फक्त दुर्गाबाईच्या दारात तेवढी बोलली नाही.

त्याच संध्याकाळी शालू मुखवटा पदरात धरून थोरल्या बहिणीच्या दारी आली. तिची दाढ सदा दुखायची, म्हणून तोंडात नेहमी लवंग. ती यायच्या आधी तिचा वास यायचा.

"अक्का, दोन्ही तुझ्याकडंच राहू दे. मला नुसतं हळदी-कुंकवाला येऊ दे. ह्यांची ताटातूट नको करू."

दुर्गाबाई उंबऱ्याच्या आत उभी होती. तिनं उजवा हात वर केला, पंजा उघडा, शालूच्या छातीसमोर. "तिथंच थांब," म्हणाली.

शालूनं आत टाकायला उचललेला पाय मागं घेतला. पुन्हा ती त्या दाराला आली नाही. हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं, तिला जालन्याच्या दवाखान्यात ठेवलं. कडूबा जाऊन आला. दुर्गाबाई म्हणाली, ढोरांकडं कोण बघल? शालू तिकडंच गेली. कल्याणनं घराला कुलूप लावलं आणि जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत रखवालीला राहिला. तेव्हापासून भिंतीपलीकडं माणूस नाही.

आणि वर्ष भरायच्या आत दुर्गाबाईनं सण मांडायचा ठरवला. चूल येगळी तर सण बी येगळा, म्हणाली.

मुखवटा आला, पण हात नव्हते. त्या घरच्या महालक्ष्म्यांना कापडी हात असत, आणि ते शालूच्या हातचे. पांढऱ्या मांजरपाटाचे, रानातला कापूस भरलेले, एकेक बोट वेगळं शिवलेलं, नखंसुद्धा टाक्यानं उठवलेली. शालू डावरी. तिचा टाका उलट्या अंगाला कलायचा. वाटणीत थोरलीचे हात थोरलीबरोबर राहिले, धाकटीचे पलीकडं गेले.

दुर्गाबाई स्वतः शिवायला बसली. तिची सून तृप्ती फुलोऱ्याच्या करंज्या वळत होती. तिनं ते हात पाहिले आणि हसू आवरेना.

"आत्या, हे बोटं हायत का वांगे?"

"पदराखाली झाकतेत," दुर्गाबाई म्हणाली. "कोण बघून राह्यलंय."

आवाहनाच्या दिवशी दिवेलागणीला लाईट गेली. तुळशीपासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढलेली होती. दुर्गाबाईनं थोरली घेतली, तृप्तीनं नवी धाकटी. बेबीनंदा पुढं ताटली वाजवत उलट्या पावलांनी चालत होती आणि रिवाजाप्रमाणे विचारत होती. समईच्या उजेडात तिघींच्या सावल्या भिंतीवर चढत होत्या. आघाड्याचा, केवड्याचा, तळणाचा वास कोंदला होता.

"कोण आलं?"

"महालक्ष्मी आली," दोघी म्हणाल्या.

"कशाच्या पावलानं?"

"सोन्याच्या पावलानं."

ओसरीत, नव्या भिंतीला लागून, बेबीनंदानं पुन्हा विचारलं, कोण आलं. दोघींनी उत्तर दिलं. ते विरलं, आणि भिंतीच्या पलीकडून, अगदी विटांना तोंड लावून बोलावं तसा दबका आवाज आला...

"मी आले, अक्का."

ताटली वाजायची थांबली. बेबीनंदा दुर्गाबाईच्या तोंडाकडं बघत राहिली. तृप्तीनं ऐकलं नव्हतं, ती म्हणाली, चला ना आत, हात भरून आले. तेवढ्यात त्या कोंदलेल्या हवेतून एक बारीक वास वेगळा निघाला. लवंगेचा.

"खिरीत टाकली का गं लवंग?" बेबीनंदानं हळूच विचारलं.

खीर अजून चढायची होती.

सकाळी तृप्तीच्या हाकेनं दुर्गाबाई देवघरात गेली. थोरली होती तशीच. धाकटीचा पदर मात्र सरकला होता आणि उजवा हात बाहेर आला होता. तो वांग्यासारखा हात नव्हता. बोटं बारीक, निमुळती, नखं उठवलेली. हात कोपरापासून वर उचललेला, पंजा उघडा.

तृप्ती शपथेवर म्हणाली, मी न्हाई. बेबीनंदाला बोलावलं, तिनं लांबूनच हात जोडले. दुर्गाबाईनं डोळे जवळ नेऊन टाका पाहिला. सगळा उलट्या अंगाला कलला होता.

दुपारी वाडीतल्या बाया जेवायला आल्या. ज्या त्या बाईनं धाकटीपुढं उभं राहून कौतुक केलं. कसा हात वर केलाय माऊलीनं, बराबर आशीर्वाद देती. दुर्गाबाई वाढत होती. तिला तो आशीर्वाद दिसेना. आपला उंबरा दिसत होता, आणि मागं घेतलेला पाय.

तिनं कल्याणला फोन लावला. कधी नव्हे ते गोड बोलली. जुनी धाकटी अन् तिचे हात घेऊन ये, भावजी, दोघींना एका जागी उभं करू. तिला वाटलं, शालूला हेच पाहिजे होतं. एवढं केलं की झालं.

तिसऱ्या दिवशी उठवणीच्या आधी कल्याण आला. कुलूप गंजलं होतं, तेल सोडून उघडलं. आत कोळ्याची जाळी, जमिनीवर धुळीचा थर, त्यावर कोणाचंच पाऊल नाही. ट्रंकेत शालूच्या लुगड्यात गुंडाळलेला मुखवटा होता. दुर्गाबाईनं लुगडं झटकलं, तळ चाचपला.

"अन् हात?"

कल्याणनं ट्रंकेचं झाकण लावलं.

"ते तिनं दवाखान्यात संगं नेल्ते, वहिनी. एक आंगठा उसवला व्हता. पांढरा दोरा भेटना, मंग लाल दोऱ्यानं शिवत बसली. अक्का आली की देते म्हणं. रोज इचारायची, आली का अक्का?" तो खाली बघत होता. "शेवटी हातातून सुटले न्हाईत. म्या बी मंग सोडवले न्हाई. तिच्याबरोबरच... जळाले ते."

दोघं अलीकडं आले. कल्याणनं समई उचलून धाकटीच्या उजव्या हाताजवळ नेली. अंगठ्याच्या बुडाशी लाल दोऱ्याचे टाके होते. त्यानं समई खाली ठेवली, थोरल्या भावानं पुढं केलेलं पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि उठवणीला न थांबता गेला.

नवा मुखवटा उतरवून त्याच धडावर जुना मुखवटा थोरलीच्या शेजारी बसवला. अक्षता टाकल्या. बाया म्हणाल्या, पुढल्या वर्षी अशाच या. सगळ्या गेल्यावर दुर्गाबाई एकटी धाकटीसमोर उभी राहिली.

"शालू... चुकलं माझं. ये ना आत."

हात वरच होता. तिनं तो खाली करायला धरला. कापसाचा हात, बोटानं दाबला तर दबावा असा. तो दबला नाही. तिनं दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा पलीकडूनही जोर आला, सावकाश, आणि पंजा तिच्या छातीला येऊन टेकला. गरम होता.

तृप्तीनं येऊन पाहिलं तेव्हा दुर्गाबाई भिंतीला पाठ लावून बसली होती आणि धाकटीचे हात पदराखाली होते. वांग्यासारखे, उसवायच्या लायकीचे.

दसऱ्याआधी कडूबानं मधली भिंत पाडली. विटा उचलल्या, ओसरी पुन्हा एक झाली, शेणानं सारवली. पलीकडची चूल, पलीकडचं देवघर मोकळं झालं. तृप्ती दिवसातून कितीदा तरी इकडून तिकडं जाते. कुत्रं जातं, कोंबड्या जातात.

दुर्गाबाई भिंत होती तिथपर्यंत येते आणि थांबते. पाय उचलते, मागं घेते. पलीकडून काही आणायचं असलं तर समोरच्या दारातून बाहेर पडते, बेबीनंदाच्या घरावरून वळसा घालून मागच्या बाजूनं जाते, आणि पलीकडच्या दाराच्या उंबऱ्याशीही थांबते. मग तृप्तीला हाक मारते. एकदा बेबीनंदानं विचारलंच, काय होतं गं तिथं? दुर्गाबाईनं नुसता छातीवर हात ठेवला.

तृप्ती तिच्या चोळ्या धुते. कितीही साबण लावला तरी छातीच्या जागी लवंगेचा वास जात नाही, म्हणते. आणि परवा एका चोळीवर, तिथंच, एक टाका दिसला तिला. लाल दोऱ्याचा, उलट्या अंगाला कललेला. पुढचा टाका घालायचा म्हणून दोरा लांब सोडलेला होता.